काळा टॅरंटुला पाळावा का? माझं मत: पाळावा, पण हातावर घेऊ नये

आठपाय (धागाकर्ता)

टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचा विचार करणाऱ्या नवख्याला बहुतेक वेळा ब्राझिलियन ब्लॅक, म्हणजे ग्रामोस्टोला पुल्क्रा सुचवला जातो. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या गवताळ प्रदेशातला हा कोळी. पिल्लू करडं-तपकिरी असतं, मोठं होता होता मखमली काळं होतं. पूर्ण वाढलेल्या मादीचे पाय पसरले तर १५ सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे जास्त भरतात. चाल संथ, आणि चिडणं फारच क्वचित.

हा प्राणी पाळण्यात मला काहीही गैर वाटत नाही. रानातली मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं राहते, रात्री तोंडाशी येऊन बसते आणि भक्ष्य जवळून जायची वाट बघते. पिंजऱ्यातल्या पोपटाचं आकाश आपण हिरावून घेतो. इथे खोल माती, लपायला जागा, पाण्याची उथळ वाटी आणि आठ-पंधरा दिवसांनी एखादा रातकिडा एवढं दिलं की त्या प्राण्याच्या बहुतेक गरजा भागतात. माणसाला साधारण सोसवतं ते तापमान त्यालाही चालतं. वरून दिवे लावून तापवत बसलं तर उलट तो कोरडा पडतो.

खटकतं ते वेगळंच. 'शांत' म्हणजे 'हातावर खेळवण्याजोगा' असा अर्थ सर्रास घेतला जातो. आठ डोळे असूनही त्याला फार नीट दिसत नाही, त्याचं जग पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांचं. आपला तळवा त्याच्या लेखी ऊबदार, हलणारी जमीन, एवढंच. तो तुम्हाला ओळखत नाही, त्याला तुमचा लळा लागत नाही. आणि हातावरून निसटला तर कमरेएवढ्या उंचीवरूनही त्याचं पोट फुटू शकतं. अशा जखमेतून तो क्वचितच वाचतो. म्हणून पेटीसुद्धा उंच नको. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीत राहू द्यावं.

रानवाट

असहमत. तुमच्याच मुद्द्यांवरून उलटा निष्कर्ष निघतो. तो ओळखत नाही, लळा लागत नाही, हातात घ्यायचा नाही. मग पाळायचा कशासाठी? बघण्यासाठी? म्हणजे आपल्या कुतूहलापायी एक जीव वीस वर्षं काचेत. होय, वीस. या जातीच्या माद्या वीस वर्षांहूनही जास्त जगतात.

दुसरं, 'गरजा भागतात' हे तुम्ही कशावरून म्हणता? कुत्रा त्रासला तर कण्हतो, पक्षी पिसं उपटतो. कोळी नुसता बसून राहतो, आणि ते बसणं समाधानाचं की त्रासाचं हे ओळखायची खूण आपल्याला माहीत नाही. जो प्राणी तक्रार करू शकत नाही त्याच्या बाबतीत जास्त जपून राहायला हवं. इथे नेमकं उलटं होतं. तक्रार करत नाही म्हणूनच तो 'नवख्यांसाठी उत्तम' ठरतो.

वारूळ

किळस आणि भीती कमी होते हा फायदा रानवाट यांनी विचारातच घेतलेला नाही. माझ्या घरी कोळी दिसला की झाडू उचलला जायचा. आता तोच कोळी पेल्याखाली धरून बाहेर सोडतात. कात टाकताना एकदा पाहिला की माणूस त्या प्राण्याकडे पहिल्यासारखा बघूच शकत नाही. पाठीवर उताणा पडतो, तासन् तास तसाच. नवशिक्याला वाटतं मेला. मग जुन्या कवचातून एकेक पाय ओढून काढतो आणि लखलखीत काळा होऊन बाहेर येतो. पाळणाऱ्यांना एकच विनंती: त्या वेळी पेटीत जिवंत रातकिडा ठेवू नका. अंग मऊ असतं, रातकिडा त्याला कुरतडून मारू शकतो.

निशाचर

विषाबद्दल कोणीच बोललेलं नाही. दंश साधारण मधमाशीच्या डंखासारखा मानतात, ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. खरी काळजी पोटावरच्या खाजऱ्या केसांची. अमेरिका खंडांतल्या बहुतेक टॅरंटुलांकडे ते असतात, आणि धोका वाटला की मागच्या पायांनी ते उडवतात. २००९ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका माणसाचं उदाहरण छापून आलं होतं. पेटी साफ करताना त्याच्या चिली रोज टॅरंटुलाने केस उडवले आणि ते डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात रुतले. चिली रोजही ग्रामोस्टोला गटातलाच, आणि तोही 'शांत' म्हणूनच विकला जातो. पुल्क्रा केस कमी उडवतो हे मान्य, पण उडवतच नाही असं नाही. पेटीत हात घालताना चष्मा घाला, नंतर हात धुवा, आणि तोवर डोळे चोळू नका. लहान मुलं असतील तर पेटीला कुलूप हवंच.

आठपाय

निशाचर, चष्म्याची सूचना अगदी योग्य.

रानवाट, 'कशासाठी' याचं उत्तर देतो. बघण्यासाठीच. आणि बघणं मला क्षुल्लक वाटत नाही. त्रासाच्या खुणा अगदीच दिसत नाहीत असंही नाही. माती फार ओली झाली की तो काचेवर चढून बसतो. जागा नकोशी असेल तर रात्र रात्र फिरत राहतो. रुळलेली मादी बिळाच्या तोंडाशी रेशीम विणते. कात टाकण्यापूर्वी महिनोन् महिने खात नाही, तेव्हा पोट भरीव असेल तर घाबरायचं कारण नाही. पोट सुरकुतलं तर आधी पाणी बघायचं. हे वाचता येतं, वेळ मात्र द्यावा लागतो.

रानवाट

वेळ देणारे तुम्ही. विकत घेणारे सगळे तसे नसतात. शिवाय हे प्राणी येतात कुठून? मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या टॅरंटुलाची पाळण्यासाठी इतकी धरपकड झाली की १९८५ मध्ये त्याला साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं. हे कोळी सावकाश वाढतात. मादी वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे रानातून मोठ्या माद्या उचलल्या की ती जागा लवकर भरून निघत नाही. ब्राझीलमध्ये वन्यप्राण्यांच्या धंदेवाईक शिकारीवर १९६७ पासून कायद्याने बंदी आहे. तरीही मोठी मादी विकायला दिसते तेव्हा ती कुठे जन्मली हे किती जण विचारतात?

वारूळ

बंदिवासात अंड्यांच्या एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात. रानातून आणायची गरजच उरत नाही.

रानवाट

गरज उरत नाही, मोह उरतो. पिल्लू मोठं व्हायला वर्षं लागतात आणि लोकांना मोठा काळा कोळी आजच हवा असतो.

प्रश्नचिन्ह

मी एक पिल्लू घ्यायच्या विचारात आहे. ते नर निघालं तर?

आठपाय

लहानपणी नुसतं बघून कळत नाही. जरा मोठं झालं की टाकलेली कात ओली करून उलगडा आणि पोटाकडचा आतला भाग भिंगाखाली बघा. मादी असेल तर शुक्राणू साठवण्याची पिशवी दिसते. नर वयात आला की शेवटची कात टाकतो, पुढच्या पायांवर बाकदार आकडे येतात, तोंडाजवळच्या छोट्या पायांसारख्या अवयवांची टोकं फुगतात आणि तो मादीच्या शोधात अस्वस्थ फिरू लागतो. त्यानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षच जगतो. ते बघायची तयारी ठेवा.

आणि रानवाट यांचा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. पिल्लू कोणाकडे जन्मलं हे तो सांगू शकत नसेल तर घेऊ नका. तुमच्याकडे हा प्राणी पाळायला कायद्याने परवानगी आहे का, हेही आधी तपासा.

रानवाट

आणखी एक विचारा, स्वतःला. पंधरा वर्षांनी घर बदललं, नोकरी बदलली, तर ही मादी कोण घेणार? कोळ्यावर उपचार करू शकणारा पशुवैद्य सहज सापडत नाही, आणि परक्या मुलखात तिला मोकळं सोडणं हा तर गुन्हाच म्हणायचा. याचं उत्तर तयार नसेल तर माझ्या मते पिल्लू घेऊ नये, मग ते कितीही शांत असो.

प्रश्नचिन्ह

बहिणीला विचारतो. ती हो म्हणाली तरच घेईन.