अनुभव धागा: ज्येष्ठांच्या गोळ्या, वारांचे डबे आणि कोकणातली ओल

पागोळी (धागाकर्ती)
वारांचा गोळ्यांचा डबा आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो. ७ वार, रोजच्या ४ वेळा, एकूण २८ कप्पे. डबा आणला, भरला, की काम संपलं असं वाटतं आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते. ज्यांचा या कामात रोज हात आहे त्यांनी लिहावं: काय आत टाकायचं, काय बाहेर ठेवायचं, पावसाळ्यात काय बदलायचं. घरच्या कहाण्या नकोत, रीत आणि कुठे फसतं ते हवंय. इथलं वाचून कुणी डोस कमी-जास्त करू नये, ते डॉक्टरांकडेच.

वाशिष्ठीकाठ (औषधविक्रेता, चिपळूण)
आधी सुट्या टाकायच्या नाहीत त्या गोळ्या सांगतो, कारण चुकतं ते तिथेच.

टेल्मिसार्टान ही रक्तदाबाची गोळी आज घरोघरी आहे. ती हवेतलं पाणी ओढते. म्हणून तर ती दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या स्ट्रिपमध्ये येते, आणि घ्यायच्या क्षणीच फोडायची असते. फिटसाठीची सोडियम व्हॅल्प्रोएट त्याच जातीची, ओल लागली की चिकट होते. रक्त गोठू नये म्हणून दिलेली डॅबिगाट्रान कॅप्सूल मूळ पाकिटातून काढायचीच नाही. पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळ्या आषाढात सुट्या ठेवणं म्हणजे वाया घालवणं. ॲस्पिरिनला आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती ओलीने बिघडली, टाकून द्या. थायरॉईडचं थायरॉक्सिन बाटलीत येतं, बाटलीतच राहू द्या; आतली ओल शोषणारी पुडी काढून फेकू नका. आणि सगळ्या गोळ्या तळहातावर ओतून एक उचलायची सवय मोडा. घामेजल्या हाताची ओल परत बाटलीत जाते. एक गोळी झाकणात घ्यावी, तिथून तोंडात.

रक्तदाबाची अम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन या बंद झाकणाच्या डब्यात सहसा आठवडाभर नीट राहतात. महिन्याचं भरून मात्र ठेवू नका. चार डबे एकदम भरणारे उत्साही लोक आहेत. त्यांच्या चौथ्या डब्याची अवस्था श्रावणात बघावी.

स्ट्रिप कापायची असेल तर मुदत आणि बॅच नंबर छापलेलं टोक सर्वांत शेवटी वापरा. ते आधी कापलं की उरलेल्या गोळ्या निनावी.

दुसरी मोठी चूक नावांची. टेल्मिसार्टान-अम्लोडिपिन अशी एकाच गोळीतली जोडी चालू असते, आणि जुन्या चिठ्ठीतली अम्लोडिपिनही वेगळी चालू राहते. दोन कंपन्या, दोन रंग, औषध तेच, पाय सुजतात. म्हणून डब्याच्या झाकणामागे जी यादी चिकटवाल ती कंपनीच्या नावाची नको, घटकांची करा. जनऔषधीच्या दुकानातून घेतलंत तर घटकाचंच नाव ठळक असतं, सोपं जातं.

खळं (घरी जाऊन सेवा देणारी परिचारिका, सावंतवाडी परिसर)
वरच्या सल्ल्याला एक धोक्याची पुरवणी. ‘स्ट्रिपसकट ठेवा’ म्हटलं की लोक एकेक गोळीचा चौकोन कापून कप्प्यात टाकतात. नजर अधू असलेली म्हातारी माणसं तो चौकोन तसाच गिळतात. कापलेल्या स्ट्रिपचे कोपरे टोकदार असतात, अन्ननलिकेत रुततात, आणि दुर्बिणीने काढावे लागतात. एकेकटा तुकडा कधीच करू नका. ७ गोळ्यांची सलग पट्टी कापा, कोपरे कात्रीने गोल करा, प्रत्येक खळगीवर मार्करने वार लिहा आणि पट्टी रबरबँडने डब्याच्या पाठीला बांधा. त्या वेळेच्या कप्प्यात गोळीऐवजी एक लाल कागदाचा तुकडा टाका. लाल दिसला की ‘पाठीमागचीही घ्यायची’. तो कागद पोस्टकार्डाएवढा जाड आणि कप्प्याच्या तळाला चिकटवलेला हवा, नाहीतर तोही तोंडात जाईल.

डबा निवडताना झाकण स्वतः ज्येष्ठांच्या हातून उघडवून बघा. वाताची बोटं असतील तर घट्ट झाकणाचे डबे निरुपयोगी, आणि सैल झाकणाचे ओल आत घेतात. उपाय: सैल झाकणाचा डबा घ्या आणि तो रबराची कड असलेल्या घट्ट स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवा. मोठा डबा घरातलं दुसरं माणूस उघडेल. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्या बाहेरच्या डब्यात, गोळ्यांच्या कप्प्यात कधीच नाही. तांदूळ घालू नका. आपल्याकडे पावसात तांदूळच ओलसर असतो.

अर्धी गोळी: मधे रेघ असेल तरच, गोळी कापायच्या यंत्राने, आणि फक्त त्या आठवड्यापुरती. एसआर, ईआर, एक्सएल लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं. पोटासाठीची पॅन्टोप्राझोलही कुटू नये, तिचं आवरण आम्लापासून वाचवायला असतं.

अबोली
फ्रिजमध्ये ठेवलं तर? तिथे हवा कोरडी असते ना?

खळं
नको. गार डबा बाहेर काढून उघडला की आपल्या हवेत गोळ्यांवर दव धरतं. दिवसातून चार वेळा. चुलीच्या वरचं फडताळ, न्हाणीघराची भिंत, खिडकीचा कट्टा हेही वगळा. आतल्या खोलीतलं कपाट उत्तम.

आडवाट (आशा गटप्रवर्तक, रत्नागिरी जिल्हा)
डबा परवडत नसेल किंवा वारच लक्षात राहत नसेल तर पुड्या. पांढऱ्या कागदाच्या, वर्तमानपत्राच्या नकोत. पुडीवर चित्र: डोंगरावरचा सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य दुपार, चंद्र रात्र. पेजेच्या आधीच्या पुडीवर रिकामं भांडं, नंतरच्या पुडीवर भरलेलं. ‘नाश्त्याआधी’ हे शब्द आमच्याकडे चालत नाहीत, पेज हेच घड्याळ आहे. एका दिवसाच्या पुड्या एका दोऱ्यात, रिकामा कागद फेकायचा नाही, परत त्याच पिशवीत टाकायचा. आठवड्याने कागद मोजले की चुकलेली वेळ कळते, कुणाला खोदून विचारावं लागत नाही. ‘आजी, गोळ्या घेतल्यात ना?’ म्हटलं की उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

भरायचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवा. तो कुणी विसरत नाही. भरणारं माणूस एकच असावं. सून आणि मुलगा दोघेही ‘कमी दिसतंय’ म्हणून भर घालतात आणि दोन डोस होतात.

रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, पण दर महिन्याला गोळीचा आकार-रंग तोच असेल असं नाही. ‘पांढरी गोल रात्री’ असं शिकवलं असेल तर पुढच्या महिन्यात सगळं उलटंपालटं.

दादर एक्स्प्रेस
मुंबईहून गावच्या आईबाबांची औषधं सांभाळणाऱ्यांसाठी: भरल्यावर सगळी झाकणं उघडून वरून एक फोटो, आणि यादीचा दुसरा. फोटोत कप्प्यागणिक गोळ्या मोजता येतात. व्हिडिओ कॉलवर नाही. एसटीने पार्सल पाठवता तेव्हा संपायच्या आदल्या दिवशी नको, १५ दिवस हातात असताना पाठवा. पावसात घाटात दरड आली की गाड्या थांबतात. जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तशी वेळ डोळ्यासमोर ठेवून १५ दिवसांचा साठा, चिठ्ठीची झेरॉक्स आणि यादी झिपच्या पिशवीत, माळ्यावर. तळाच्या ड्रॉवरमध्ये नको.

वाशिष्ठीकाठ
इन्सुलिन वीज गेल्यावर माठात ठेवतात, त्याबद्दल. माठ गार होतो तो पाणी झिरपून सुकतं म्हणून. जुलैच्या हवेत ते सुकतच नाही, त्यामुळे माठ जेमतेम खोलीइतकाच राहतो. एप्रिल-मे मध्ये थोडा फरक पडतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत. वापरात असलेली थंड जागी साधारण ४ आठवडे चालते, पाकिटावरची सूचना बघा. बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी बादच.

आबोळगा (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, दापोली)
आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. सांधेवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतली गेली तर जीवावर बेतते. तिच्याबरोबर देतात ती फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा पिवळी आणि लहानच असते, म्हणून गफलत होते. मेथोट्रेक्सेट वारांच्या डब्यात नको. वेगळी डबी, वर ठळक अक्षरात वार, आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण. हाडांची ॲलेन्ड्रोनेट हीसुद्धा आठवड्याची: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही.

थायरॉक्सिन उठल्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोह त्यापासून ४ तास लांब, म्हणजे दुपारच्या कप्प्यात.

उपास हा आपल्याकडचा मोठा खड्डा. संकष्टीला जेवण चंद्रोदयापर्यंत लांबतं, पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड सवयीने सकाळी घेतली जाते. दुपारी घाम, थरथर, भ्रम, आणि घरचे म्हणतात उपासाने गळाठा आला. साखर उतरलेली असते. उपासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून त्या तारखांच्या कप्प्यांवर खूण करा. गणपतीत तेच: आरती, पाहुणे, जेवायला तीन वाजतात. ही गोळी घड्याळाला नाही, ताटाला बांधलेली असते हे वाढणाऱ्यांना सांगून ठेवा. आणि चाकरमान्यांची पोरं घरात आली की डबा उंचावर. लाल, गुळगुळीत लोहाच्या गोळ्या पोरांना औषधासारख्या वाटत नाहीत, चॉकलेटसारख्या वाटतात.

अबोली
दुपारची गोळी राहिली आणि रात्री लक्षात आलं तर दोन्ही एकदम घ्यायच्या का?

आबोळगा
सहसा नाही. राहिलेली कप्प्यातच राहू द्या, भरणाऱ्याला ती दिसायला हवी. रक्त पातळ करणाऱ्या, फिटच्या आणि साखरेच्या औषधांसाठी राहिल्यास काय करायचं ते औषध सुरू होतानाच विचारून यादीवर लिहून घ्या. लघवीची फ्युरोसेमाइड मात्र संध्याकाळी चारनंतर आठवली तर त्या दिवशी सोडलेली बरी. रात्री अंधारात खळ्यातून न्हाणीपर्यंत चार फेऱ्या, पावसात शेवाळलेली पायरी, आणि खुब्याचं हाड.