पावसाच्या तोंडावर अमेरिकन मिशनरी जोडपं भाड्याने येतंय, घरात काय काय करून ठेवू?

कुर्टीकर
गोव्यात फोंड्याजवळ चिऱ्याचं जुनं घर आहे, वर मंगळुरी कौलं. मे अखेरीस एक अमेरिकन जोडपं चर्चच्या कामासाठी १८ महिने राहायला येतंय. दोघंही सत्तरीचे. आजोबांना कानाचं मशीन आहे, रात्री झोपताना ते श्वासाचं सीपॅप (श्वास अडू नये म्हणून नळीतून हवा देणारं मशीन) लावतात. स्वयंपाक दोघं स्वतःच करणार. "दमट हवेची सवय आहे" म्हणतात, पण आपला जुलै त्यांनी बघितलेला नाही. कागदपत्रं, वीज, ओल, खाणं, जे सुचेल ते सांगा.

तिसवाडीचा
कागद आधी. परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांच्या आत घरमालकाने ऑनलाइन माहिती भरायची असते. तोच तो सगळ्यांच्या तोंडी असलेला सी-फॉर्म. त्यासाठी पोर्टलवर तुमची स्वतःची नोंदणी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून ते यायच्या आधीच करून टाका. पासपोर्ट आणि व्हिसा नंबर, भारतात उतरल्याची तारीख, तुमच्याकडे आल्याची तारीख हे सगळं लागतं. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर १४ दिवसांत त्यांना एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंद करावी लागते आणि तिथे पत्त्यासाठी भाडेकरार मागतात. करारातलं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच घाला, मधलं नाव गाळलं की अर्ज परत येतो. पोलिसांची भाडेकरू पडताळणी वेगळी, ती विसरू नका.

व्हिसा कोणता आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या. पर्यटक व्हिसावर धर्मकार्य चालत नाही.

वायरमन_फोंडा
अमेरिकेत १२० व्होल्ट, इथे २३०. प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचायचं. "१००-२४०" असेल तर नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो; सीपॅप, लॅपटॉप, फोनचे चार्जर बहुतेक याच जातीचे असतात. नुसतं "१२०" लिहिलेलं असेल (हेअर ड्रायर, टोस्टर, मिक्सर) तर ते तिकडेच ठेवून या म्हणावं. अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही, लावल्या लावल्या धूर निघतो. प्लगवर चालणारं जुनं घड्याळ आणलं तर ट्रान्सफॉर्मर लावूनही मागे पडेल. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०, त्यामुळे तासाला १० मिनिटं गेली.

स्वयंपाकघरात इंडक्शन ठेवणार असाल तर १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढा. २००० वॅटची शेगडी ९ अँपिअरच्या आसपास ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटला लावली की आधी पिन तापते, मग प्लास्टिकचा वास येतो, मग सॉकेट वितळतं. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, इंडक्शनला जोड म्हणून तो घरात असू दे.

पावसात लाइट जाणारच. सीपॅपचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लायनीवर घ्या. लाइट गेली की मशीनमधलं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी बंद करायची. खरी वीज तेच खातं, हवेचा पंखा फार थोडी घेतो. अर्थिंग एकदा मीटर लावून तपासा, जुन्या घरांत ती बहुतेक वेळा नावालाच असते.

म्हापशेंकार
ओलीबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि घर खातं ती ओलच.

फुटकी कौलं २५ मेच्या आत बदला. पहिली सर आली की कौलं शाकारणारा माणूस हाताला लागत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, भिंतीला टेकलं की पाठीमागे बुरशी धरते. चामड्याचे बूट, पट्टा, बायबलचं चामडी वेष्टण यांवर आठवड्याभरात पांढरी बुरी येते. कपाटात एक झिरो बल्ब सतत जळता ठेवा, कपड्यांना लागणार नाही असा.

कानाच्या मशीनची काळजी जास्त. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलवर ठेवायचं. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले. मंद आचेच्या तव्यावर परतले की पुन्हा निळे होतात. मशीनमधल्या झिंक-एअर (हवेवर चालणाऱ्या) बॅटरीवरची चिकटपट्टी एकदा काढली की बॅटरी वापरात नसतानाही उतरू लागते, म्हणून पट्टी आधीच सोलून ठेवू नये. पट्टी काढून मिनिटभर हवेवर धरायची आणि मगच मशीनमध्ये घालायची.

सर्वांत मोठा धोका मात्र पायऱ्यांचा. चिऱ्यावर जूनमध्येच शेवाळ धरतं आणि सत्तरीत माकडहाड गेलं की १८ महिन्यांचं काम तिथेच संपलं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओता, वीसेक मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासा, दर पंधरा दिवसांनी. अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर त्यात मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. उतरताना उजव्या हाताला येईल असा लोखंडी कठडा बसवा.

कुर्टीकर
कठड्याचं डोक्यातच नव्हतं. खाण्यापिण्याचं काय?

सावयवाली
पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा सकाळ-संध्याकाळ दाराशी येतो, पोई आणि उंडे हे पाव ओळखायला शिकवा. दुपारी १ ते ४ बहुतेक दुकानं बंद, हे आल्या दिवशीच सांगा, नाहीतर उन्हात बंद शटरसमोर उभी राहतील. त्यांची औषधं ब्रँडच्या नावाने इथे मिळणार नाहीत. अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. प्रत्येक गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, खाली १०८.

पंथ कोणता तेही विचारून ठेवा. मॉर्मन असतील तर चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. त्यांना कोकम सरबत द्या. सोलकढी पहिल्याच दिवशी नको, लसूण-मिरची झेपेल का ते आधी बघा.

कुर्टीकर
देव बरें करूं सगळ्यांक. वायरमनबाब, अर्थिंग तपासायला या आठवड्यात जमेल?

वायरमन_फोंडा
शनिवारी ४ नंतर. शिडी तुमची.