जिल्हा अजिंक्यपद धनुर्विद्या स्पर्धा: यंदा इंडियन राउंड की रिकर्व्ह?

प्रश्न: पालक, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी अकरावीत असून शाळेत असल्यापासून बांबूच्या धनुष्याने इंडियन राउंड खेळते. मागील जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत तिचे पदक अगदी थोड्या गुणांनी हुकले आणि त्याच प्रकारात यंदा ते मिळेल, असे तिच्याबरोबर सराव करणाऱ्या सर्वांनाच वाटते. मात्र पावसाळ्यापासून प्रशिक्षकांनी तिच्या हाती क्लबचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले, साइट लावलेले) धनुष्य दिले आहे. तिला ते मनापासून आवडले असून यंदाची प्रवेशिका रिकर्व्हमध्येच भरायची, असा तिचा आग्रह आहे. अडचण अशी की तिचा स्थिर सराव अजून 30 मीटरवरच आहे आणि 18 वर्षांखालील गटाला रिकर्व्हमध्ये 60 मीटरवरून बाण सोडावे लागतात. तिच्या वडिलांचे मत आहे की हातातले पदक आधी घ्यावे आणि मग प्रकार बदलावा. नातेवाइकांपैकी काही जण थेट कंपाउंडकडे (टोकांना चाके असलेल्या धनुष्याकडे) वळा, असेही सुचवतात. स्पर्धेला अजून काही आठवडे आहेत. जाणकारांनी कृपया कारणांसह मत द्यावे, कारण केवळ 'खेळू द्या' किंवा 'थांबा' एवढ्याने आमचा निर्णय होणार नाही.

उत्तर 1: निवृत्त क्रीडाशिक्षक, पंचवटी

ताई, तुमच्या मुलीची इच्छा योग्य दिशेची आहे, हे प्रथम सांगतो. इंडियन राउंड आपल्याकडे शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत खेळला जातो आणि बांबूच्या धनुष्यावर शिकलेल्या मुलांची पाठ व खांदे चांगले तयार होतात. परंतु जागतिक स्पर्धांत आणि ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. त्यामुळे पुढे जायचे असेल तर कधीतरी बदल करावाच लागतो. प्रश्न फक्त वेळेचा आहे, आणि त्याचे उत्तर मुलीच्या उत्साहापेक्षा धनुष्याच्या पाउंडेजवर (ते ओढायला लागणाऱ्या जोरावर) अधिक अवलंबून आहे.

नवशिक्या मुलीला साधारणपणे 16 ते 20 पाउंडांचे लिंब (धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचीक पात्या) देतात. एवढ्या हलक्या धनुष्यातून सुटलेला बाण 30 मीटरवर छान लागतो; 60 मीटरवर मात्र तो फार उंच कमान घेऊन जातो. साइट (नेम धरण्याची खूण) इतकी खाली आणावी लागते की ती पट्टीच्या टोकाला पोहोचते किंवा बाणाच्या वाटेत येते, आणि तरीही काही बाण टार्गेटच्या अलीकडेच पडतात. अशा वेळी स्पर्धा जवळ आली म्हणून घाईघाईने जड लिंब लावणे ही माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट आहे. पाउंडेज दोन-दोन पाउंडांनीच वाढवावे आणि प्रत्येक टप्प्यावर खांदा वर न उचलता, शरीर मागे न झुकवता धनुष्य पूर्ण ओढले जाते की नाही, हे पाहावे. सोळा वर्षांच्या मुलीचा खांदा एकदा दुखावला तर संपूर्ण हंगाम जातो, आणि ते नुकसान कोणत्याही पदकाने भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट अँकरची, म्हणजे दोरी ओढल्यावर हात चेहऱ्याशी जिथे टेकतो त्या जागेची. साइट नसलेल्या धनुष्यावर नेम धरणारी बरीच मुले हात गालाशी किंवा ओठांच्या कोपऱ्याशी आणतात, म्हणजे डोळा बाणाच्या जवळ राहतो. रिकर्व्हमध्ये हात हनुवटीखाली येतो आणि दोरी हनुवटीला व नाकाच्या टोकाला टेकते. ही जागा सरावात बसलेली दिसते, पण पंचांची शिट्टी झाली आणि शेजारी अनोळखी खेळाडू उभे राहिले की हात जुन्या जागी जातो. तो एक-दोन मिलिमीटर वर गेला तरी 60 मीटरवर बाण टार्गेटच्या एका रंगातून दुसऱ्या रंगात जातो. क्लिकरचेही (धनुष्यावरच्या छोट्या पट्टीचेही) तसेच आहे. बाणाचे टोक क्लिकरखालून निसटून 'टक्' असा आवाज आला की बाण सोडायचा, ही सवय पक्की नसेल तर खेळाडू त्या आवाजाची वाट पाहत थरथरत उभा राहतो आणि त्याची वेळ संपत जाते.

उत्तर 2: रिकर्व्ह खेळाडू, सिडको

काकू, सरांच्या पाउंडेजबाबतच्या इशाऱ्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यातून 'यंदा थांबा' असा अर्थ कोणी काढू नये, असे मला वाटते. मीही बांबूच्या धनुष्यावरूनच रिकर्व्हकडे आले. सरावात 36 बाण नीट जाणे आणि स्पर्धेत 72 बाण नीट जाणे यांत किती अंतर आहे, हे स्पर्धेच्या रेषेवर उभे राहिल्याखेरीज कळत नाही. पात्रता फेरी 720 गुणांची असते: सहा-सहा बाणांच्या बारा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर टार्गेटपर्यंत चालत जाऊन गुण नोंदवून परत यायचे. थकवा धनुष्य ओढण्याचा असतोच, पण उन्हात उभे राहण्याचा आणि सतत मन एकाग्र करण्याचाही असतो.

तिने रिकर्व्हमध्ये भाग घेतला तर क्रमांकाकडे न पाहता एकच ध्येय ठेवावे: एकही बाण टार्गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही. 122 सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ केवळ 12.2 सेंटिमीटरचे असते, त्यामुळे पहिल्या वर्षी दहाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आठ गुणांचा एक बाण चुकून बाहेर गेला, तर तेवढी भरपाई करायला दुसरे आठ बाण आठवरून नऊवर न्यावे लागतात. हा हिशेब समजला की खेळाडू शांतपणे खेळतो.

आणखी एक बाब. गुण पूर्ण लिहून होईपर्यंत टार्गेटवरच्या बाणाला हात लावायचा नाही. बाण रेषेला टेकला असेल तर अधिक गुण मिळतात, पण बाण हलवला तर त्याबद्दल दाद मागता येत नाही. पहिल्या स्पर्धेत आनंदाच्या भरात हात पुढे जातो, म्हणून सरावातच ही शिस्त लावावी.

उत्तर 3: पालक, इंदिरानगर

या चर्चेत एक व्यावहारिक मार्ग राहून गेला आहे. शालेय क्रीडा स्पर्धा आणि धनुर्विद्या संघटनेची जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा या दोन वेगळ्या वाटा आहेत. शालेय स्पर्धेतून खेळाडू जिल्ह्यातून विभागात, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या खेळाडूंसमोर, आणि तिथून राज्यावर जातो. संघटनेच्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेसाठी निवडला जातो. दोन्हींची परिपत्रके स्वतंत्र असतात. वयोगट आणि तारखा जुळत असतील तर शालेय स्पर्धेत इंडियन राउंड आणि संघटनेच्या स्पर्धेत रिकर्व्ह, असा मार्ग तुमच्या घरातल्या दोन्ही मतांना न्याय देईल. मात्र दोन स्पर्धांमध्ये पुरेसे दिवस असावेत, कारण एका आठवड्यात दोन अँकर सांभाळणे मोठ्या खेळाडूंनाही जमत नाही.

कंपाउंडविषयी नातेवाईक बोलतात त्यामागचे कारण स्पष्ट आहे. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडमध्ये वैयक्तिक जगज्जेते झाले, ओजसने तर अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. त्यामुळे तो पर्याय कमी दर्जाचा मुळीच नाही. परंतु तिथे 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचे लहान टार्गेट असते, बाण बोटांऐवजी रिलीज एडने (हातात धरायच्या, कळ असलेल्या साधनाने) सोडतात आणि धनुष्यासाठी मोठा खर्च आधीच करावा लागतो. मुलीला दोरी बोटांनी ओढून सोडण्यात आनंद मिळत असेल आणि क्लबचे रिकर्व्ह हाती असेल, तर केवळ यशाच्या बातम्या वाचून प्रकार बदलणे मला पटत नाही. रिकर्व्हमध्येही सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन स्पर्धांत दोन प्रकार हा विचार आम्हाला सुचलाच नव्हता. दोन्ही परिपत्रके मिळवून तारखा ताडून पाहते. सर, ती 60 मीटरसाठी तयार आहे की नाही, हे आम्ही घरच्यांनी कशावरून ओळखावे? प्रशिक्षकांचा निर्णय अंतिम राहीलच, पण आम्हालाही समजून घ्यायचे आहे.

उत्तर 4: निवृत्त क्रीडाशिक्षक, पंचवटी

ताई, 40 मीटरवर, मग 50 मीटरवर आणि शेवटी 60 मीटरवर, प्रत्येक ठिकाणी पूर्ण 72 बाणांचा सराव घ्यायला सांगा आणि गुणांऐवजी शेवटच्या बारा बाणांकडे पाहा. पहिल्या बारा बाणांचा आणि शेवटच्या बारा बाणांचा गट साधारण सारखाच असेल, तर ती पुढच्या अंतराला तयार आहे. शेवटचे बाण खाली उतरत असतील, तर धनुष्य तिला जड जात आहे, आणि मग प्रवेशिका इंडियन राउंडचीच भरावी. हा सराव एकदा सकाळी आणि एकदा दुपारी व्हावा. डिसेंबरच्या थंडीत नाशिकच्या मोकळ्या मैदानावर सकाळी बोटे आखडलेली असतात आणि टॅबमधून (बोटांवरच्या चामडी संरक्षकातून) दोरी नीट सुटत नाही, तर दुपारी वारा सुटला की हलका बाण बाजूला वाहून जातो. वाऱ्यात साइट वारंवार फिरवण्यापेक्षा पिवळ्याऐवजी लाल रंगाच्या कडेवर नेम धरायला शिकणे सोपे जाते.

तिच्या लिंबवरचा पाउंडेजचा आकडा आणि धनुष्य पूर्ण ओढल्यावर स्केलवर प्रत्यक्ष येणारे वजन, हे दोन्ही मला कळवा. तिची ओढ लहान असेल तर हातात येणारे वजन छापील आकड्यापेक्षा कमी भरते, आणि मग बाणांचा स्पाइनही (काडीचा ताठपणाही) त्या प्रत्यक्ष वजनानुसारच निवडावा लागेल.