हंगामी फळांची कॉकटेल घरी करताना आंबट-गोडाचा मेळ कसा साधावा?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरी महाविद्यालयातील जुनी मित्रमंडळी जमणार आहेत. आम्ही एकूण दहाजण असून त्यांपैकी चौघे मद्य घेत नाहीत. बाटलीबंद सिरप घालून केलेली पेये मला आवडत नाहीत, कारण बाटलीवर आंबा लिहिलेला असो की पेरू, शेवटी जिभेवर एकच गोडी रेंगाळते. म्हणून त्या आठवड्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात जी फळे मिळतील, त्यांचीच कॉकटेल करायची असे ठरवले आहे.

परवा दोन प्रयोग केले आणि दोन्ही फसले. पहिल्यात हापूसचा गर मिक्सरमधून काढून त्यात 60 मिली व्हाइट रम, दोन चमचे साखर आणि वरून सोडा घातला. पेय जड झाले, थोड्याच वेळात गर वेगळा आणि पाणी वेगळे दिसू लागले आणि रमचा उग्रपणा फळापासून तुटून वेगळाच लागला. दुसऱ्यात करवंदे मिक्सरमधून फिरवून त्यात साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ घातला, तर चव कडसर झाली आणि करवंदाचा सुंदर लालभडक रंग पार मळकट झाला.

गर मद्यात नीट मिसळावा यासाठी काय करावे, गूळ नेमका कशात वापरावा आणि जे मद्य घेत नाहीत त्यांच्या हातातही तितक्याच निगुतीने केलेला पेला कसा द्यावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. माझ्याकडे शेकर (पेय बर्फाबरोबर हलवण्याचे झाकणाचे भांडे) नाही.

माप आणि बर्फ (उत्तर)

मी काही वर्षे हॉटेलच्या बार काउंटरमागे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या आंब्याच्या पेयात दोष रमचा नव्हता. त्यात आंबटपणाच नव्हता. पिकलेल्या हापूसमध्ये साखर भरपूर असते आणि आम्ल फारच थोडे उरलेले असते. त्यावर आपण आणखी साखर घातलीत, त्यामुळे मद्य आणि फळ यांना जोडणारा दुवाच राहिला नाही. या प्रकारच्या पेयांचे जुने, सर्वमान्य माप 60 मिली मद्य, साधारण 22 मिली लिंबाचा रस आणि तितकाच साखरेचा पाक असे आहे. पाक म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, केवळ विरघळेपर्यंत गरम केलेले. त्याला तार येऊ द्यायची नाही. फळ आले की पाक कमी करायचा, लिंबू मात्र कमी करायचे नाही. आंब्यासाठी मी 45 मिली रम, 45 मिली गाळलेला गर, 20 मिली लिंबाचा रस, चमचाभर पाक आणि चिमूटभर मीठ घेतो. मिठाने पेय खारट होत नाही, फक्त आंब्याचा स्वाद पुढे येतो. हाच नियम हिवाळ्यात नागपुरी संत्र्यालाही लावावा, कारण लिंबाच्या रसात आम्ल सुमारे सहा टक्के असते, तर संत्र्याच्या रसात ते एक टक्क्याच्या आसपासच असते, आणि म्हणून नुसत्या संत्र्यावर केलेले कॉकटेल नेहमी मिळमिळीत लागते.

आता गराविषयी. मिक्सरमधून काढलेला गर आधी बारीक गाळणीतून चमच्याने दाबून काढावा. त्यानंतर मद्य, लिंबू, पाक आणि गर भरपूर बर्फाबरोबर 12 ते 15 सेकंद जोरात हलवावे आणि पुन्हा गाळून पेल्यात ओतावे. या हलवण्यात बर्फाचे जे पाणी पेयात उतरते, ते पाणी हा पेयाचा एक घटकच मानायला हवा. पेयाचा जडपणा आणि मद्याचा उग्रपणा या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा त्याच पाण्याने दूर होतात. शेकर नसल्याचे काहीच अडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम चालतो. त्यात सोडा मात्र कधीही हलवू नये, झाकण उडून इजा होऊ शकते. मुळात गराच्या फळाला सोडा घालूच नये असे माझे मत आहे. बुडबुड्यांबरोबर गर वर चढतो, फेस धरतो आणि पेय फुटल्यासारखे दिसते. सोडा पातळ रसाच्या फळांसाठी राखून ठेवावा.

घरच्या ट्रेमधील लहान खडे लवकर विरघळतात, म्हणून ते हलवण्यासाठी वापरावेत आणि पेल्यात घालण्यासाठी आदल्या रात्री स्टीलच्या वाट्यांत मोठे बर्फ लावून ठेवावे.

गुळाचा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. रम बहुतेक करून साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीपासून होते आणि गूळ त्याच उसाचा, त्यामुळे या दोघांचे गोत्र एकच आहे. गूळ आणि पाणी समान वजनाने घेऊन विरघळवावे, फडक्यातून गाळावे, कारण तळाशी कचरा राहतो, आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. डार्क रम, आल्याचा रस, लिंबू आणि हा गुळाचा पाक यांचे पेय पहिल्या पावसाच्या संध्याकाळी थंड किंवा कोमट, कसेही द्यावे. करवंद आणि स्ट्रॉबेरी यांसारख्या नाजूक रंगाच्या व वासाच्या फळांत मात्र गूळ घालू नये; तो फळाला झाकून टाकतो.

रसवंती सुरू असेल तर आणखी एक सुचवतो: 90 मिली ताजा उसाचा रस, 45 मिली व्हाइट रम, 20 मिली लिंबू आणि आल्याच्या रसाचे काही थेंब. यात पाक लागतच नाही. उसाचा रस हवेत लगेच काळपट पडतो, म्हणून आणल्याबरोबर त्यात लिंबू पिळावे आणि तासाभरात वापरावा. कोल्हापुरात राहून हे पेय पाहुण्यांना दिले नाही, तर आपण आपल्याच मातीकडे पाठ फिरवली असे मला वाटते.

फोंडाघाटची लेक

मी मूळची घाटाखालची, आता कोल्हापुरात स्थायिक आहे. करवंद आणि जांभूळ यांना मिक्सर लावणे हीच चूक होते. पाती फिरली की बिया फुटतात आणि त्यांचा कडवटपणा रसात उतरतो. करवंदे धुऊन चीक काढून टाकावा, हाताने चुरडावीत, त्यांच्या वजनाच्या निम्मी साखर मिसळून काचेच्या बरणीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत आणि सकाळी न दाबता गाळून घ्यावीत. जो गडद रस मिळतो तो जिनबरोबर फार सुरेख लागतो, कारण जिनला वास देणाऱ्या जुनिपर या फळाच्या रानवट वासाशी डोंगरच्या करवंदाचे चांगले जुळते.

जांभळांना मीठ चोळून थोड्या पाण्यात हातानेच गर सोडवावा. त्यांचा तुरटपणा साखरेने जात नाही, मिठाने मवाळ होतो. तुरटपणा थोडा राहू द्यावा. तो गेला तर जांभूळच उरणार नाही.

आपण कोकमाचा उल्लेख केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. आपल्या चार पाहुण्यांसाठी त्याहून योग्य दुसरे काही नाही. बाजारात आगळ आणि अमृत कोकम असे दोन प्रकार मिळतात. आगळात मीठ असते आणि साखर नसते, अमृत कोकमात साखर असते, आणि या दोहोंची गफलत केली की सगळे माप बिघडते. मी 15 मिली आगळ, 25 मिली पाक, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा एकच तुकडा डब्यात बर्फाबरोबर हलवते, गाळते आणि मग वरून गार सोडा ओतते. आगळाचे आम्ल पुरेसे असल्याने यात लिंबू घालू नये. मद्य घेणाऱ्यांसाठी याच मिश्रणात व्होडका किंवा काजूची फेणी घालता येते, मात्र फेणीचा वास तीव्र असतो, म्हणून 30 मिलीच्या पुढे जाऊ नये.

माझी एक कळकळीची विनंती आहे. जे मद्य घेत नाहीत त्यांना वेगळ्या, साध्या पेल्यात सरबत देऊन बाजूला बसवू नका. पेला तोच, बर्फ तोच, कडेला तिखट-मीठही तेच असावे. माझ्या सासूबाईंना एका समारंभात प्लास्टिकच्या पेल्यात रंगीत पाणी दिले गेले होते आणि त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

पन्हाळ्याचा वारा

पाककृतींत भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, पण यजमान म्हणून आपण काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो आणि रम, जिन, व्होडका यांसाठी किमान वय 25 वर्षे आहे. गोव्याहून येताना फेणीची बाटली परवान्याशिवाय आणू नये. फळे आंबवून घरीच मद्य करण्याचा मोहही टाळावा. त्याला कायद्याची परवानगी नाही.

दुसरे असे की 42.8 टक्क्यांच्या मद्याच्या 30 मिलीत सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. गोड-आंबट फळांत ते जाणवत नाही आणि माणूस पाण्यासारखे पीत जातो. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने न ओतता मापाने ओतावे, सोबत पोटभर जेवण ठेवावे आणि ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना कोकमाचेच पेय द्यावे.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यक्रम काल झाला आणि काय घडले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या पावसानंतर बाजारातला हापूस पाणचट झाला होता, म्हणून मी रायवळ आंबे आणले. त्यांचा रस चोखून पाहिला तेव्हा लक्षात आले की त्यांना स्वतःचाच आंबटपणा आहे, त्यामुळे लिंबू 20 मिलीवरून 12 वर आणले आणि गर दोनदा गाळावा लागला, कारण धागे फार होते. या वेळी रम वेगळी लागली नाही. करवंदे संपत आली होती, मिळाली तेवढी रात्रभर साखरेत ठेवली. रस जेमतेम पाच पेल्यांपुरता निघाला आणि तो सर्वांत आधी संपला. गुळाचे आणि आल्याचे पेय मी कोमट दिले, कारण संध्याकाळी जोराचा पाऊस लागला होता.

कोकमाचे पेय चौघांसाठी केले होते, पण दुसऱ्या फेरीत सहाजणांनी तेच मागितले. आगळाची बाटली रिकामी झाली आहे. पुढच्या हंगामात रातांबे (कोकमाची फळे) आणून आगळ घरीच करण्याचा विचार आहे. फोंडाघाटच्या ताईंनी मिठाचे प्रमाण कळवल्यास मी आभारी राहीन.