कथा, कथानक आणि कथावस्तू
(सोलापुरातल्या तिघांची चर्चा; नावांच्या जागी त्यांचे भाग)

साखर पेठ : कथास्पर्धेच्या परीक्षणात 'कथा चांगली, कथानक ढिलं' असा शेरा वाचला. दोन्ही एकच ना? आणि मग कथावस्तू म्हणजे काय?

होटगी रोड : एकच नव्हेत. शेऱ्यात घोळ आहे तो 'कथा' हे साहित्यप्रकाराचंही नाव असल्यामुळे. जे घडलं त्याला 'गोष्ट' म्हणा, गुंता कमी होतो. चैत्रात बापाने कापड विणायचा माग विकला, आषाढात मुलगा पुण्याला शिकायला गेला, दिवाळीत दोघांचा अबोला. ही गोष्ट, दर जोडावर 'मग'. कथानकात तिथे 'म्हणून' किंवा 'तरी' लागतं. फीसाठी माग विकला, तरी बाप बोलला नाही, म्हणून पैसा उधळला असं मुलाने धरलं, म्हणून अबोला. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कार्यकारणावरच हा भेद उभा केला.

जुळे सोलापूर : नुसत्या कारणाने भागत नाही. रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्याच्या घडणीकडे पाहणाऱ्या समीक्षकांनी, मांडणीवर भर दिला. तीच गोष्ट दिवाळीत सुरू करा: मुलगा घरी येतो, मागाच्या जागी फरशीवर तेलाचे डाग. विक्रीचं कारण शेवटाकडे सांगा. घटना त्याच, कथानक निराळं. मात्र मग निवेदन मुलाच्या बाजूनेच हवं. बापाच्या मनात शिरून कारण लपवलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

साखर पेठ : कथावस्तू राहिली.

होटगी रोड : आज ती बहुधा कथानकाच्याच अर्थी वापरतात, चालतं. 'वस्तु' संस्कृत नाट्यविचारातली. 'दशरूपक' या जुन्या नाट्यविषयक ग्रंथात तिचे दोन प्रकार आहेत: आधिकारिक म्हणजे मुख्य, प्रासंगिक म्हणजे आपलं उपकथानक. फक्त 'विषय' या अर्थी कथावस्तू लिहू नका. परीक्षेच्या गाईडांनी तेवढा गोंधळ घालून ठेवलाच आहे.

जुळे सोलापूर : स्वतःचं लेखन तपासायचं तर एकेक प्रसंग एकेका चिठ्ठीवर, एका ओळीत लिहा. एक चिठ्ठी बाजूला काढा. पुढचं काहीच अडत नसेल तर तो प्रसंग कथानकाचा नाही. लगेच फाडू मात्र नका. आपल्या सोलापूरच्या रूपाभवानी देवीच्या नवरात्रातली गर्दी काढली तर अडत काही नाही, पण गाव जातं. नवखे घसरतात ते शेवटी. कपाटात अचानक फीची पावती सापडते आणि सगळा उलगडा! योगायोगाने पेच पडलेला चालतो, सुटलेला चालत नाही. त्यापेक्षा चिडलेल्या मुलालाच माग घेणाऱ्याकडे पाठवा, 'कितीला घेतला?' विचारायला. फीचा आकडा त्याला पाठ असणारच.