मदत हवी आहे: एअर पिस्तूलची लाकडी मूठ

नमस्कार मंडळी, लेक बेळगावात 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. तयार अक्रोडी मूठ मिडियम मापाची; अंगठ्याच्या मुळाशी फट राहते आणि करंगळीखालची कड रुतून लाल वळ उठतो. शहापुरातले सुतारमामा तिच्या हाताच्या मापाने शिसवीची मूठ कोरून देतो म्हणतात. पण शिसवी जड पडेल ना? शिवाय नियमाने पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, मुठीचा मनगटाला आधार चालत नाही. पोरीचा हात अजून वाढतोय, तेव्हा मला तरी आहे त्याच मुठीला वुड पुट्टी भरून घासणं बरं वाटतं. खानापूर, निपाणी किंवा सावंतवाडीकडे कुणी मूठ घडवून घेतली आहे का? लाकूड कुठलं, आणि घामाने फुगलं का?