मदत हवी आहे: बीएस/एमडीचा अर्ज, पण हॉस्पिटलचा अनुभव शून्य

न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारावीला आहे. बारावीनंतर पदवी आणि डॉक्टरकी एकत्र देणाऱ्या कोर्सेसपैकी ब्राउन युनिव्हर्सिटीचा 8 वर्षांचा पीएलएमई आणि कॅन्सस सिटीच्या मिसुरी युनिव्हर्सिटीचा (यूएमकेसी) 6 वर्षांचा बीए/एमडी, दोन्हीकडे अर्ज करायचाय. मार्क उत्तम, पण शॅडोइंग (डॉक्टरसोबत राहून त्यांचं काम बघणं) नाही, रिसर्च नाही. जवळच्या हॉस्पिटलात व्हॉलंटियरच्या जागा भरल्यात. दोन डॉक्टरांनी पेशंटच्या प्रायव्हसीचं कारण देऊन नाही म्हटलं. ओळखीत एकही डॉक्टर नाही (हो, देशी असूनही!). दोन वर्षं दर शनिवारी ती वृद्धाश्रमात आजी-आजोबांना वाचून दाखवते, एवढंच. आता घाईघाईने काहीतरी ओढूनताणून जमवणं मला पटत नाही. नेहमीच्या प्री-मेडचा (आधी पदवी, मग मेडिकलला वेगळा अर्ज) पर्याय माहीत आहे, तो सोडून सांगा.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांना विचारते: 'डॉक्टरच का?' या निबंधाला वृद्धाश्रमाचा अनुभव पुरतो का, की मुलाखतीत शॅडोइंगवाचून अडतंच?